या म्हटल्याशिवाय

वैशाखात दुपारी सोलापूरच्या रस्त्यावर दिसतो तो एकतर वेडा, नाहीतर कुरिअरवाला, असं अण्णाराव म्हणायचे. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पडदे ओढून आणि कूलर लावून त्यांची लेक सिद्धेश्वरी लॅपटॉपशी झटापट करत बसली होती. आतल्या खोलीत तिची आई अक्कम्मा सिलिंडरच्या ऑक्सिजनवर पडून होती, आणि सिलिंडरचा काटा खाली खाली येत होता. घरचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं होतं. ते लवकर चालू झालं नाही, तर अक्कम्माला दवाखान्यात हलवावं लागणार होतं. आणि एकदा दवाखान्यात नेलंत तर मला परत आणायचे कष्ट पडणार नाहीत, असं तिनं जाहीर करून टाकलं होतं. अक्कम्मानं जाहीर केलेलं आजवर कधी चुकलेलं नव्हतं, ही खरी भीती.

"तुझा तो कर्नल अजून ऐकत न्हाय व्हय?" तिनं आतून विचारलं.

"कर्नल नाही अव्वा, कर्नेल. लिनक्सचं कर्नेल."

"कोन का असंना. लई अडेलतट्टू दिसतोय."

अडेलतट्टू कर्नेल नव्हतं, अण्णाराव होते. म्हणजे ते स्वतः दोन वर्षांपूर्वीच गेले. पण त्यांचा हट्ट त्या मशीनमध्ये शिल्लक होता. नवी पेठेत त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. उतारवयात त्यांनी गुरुलिंग सर नावाच्या एका कारखानदाराबरोबर हे मशीन बनवलं. हवा सोडणारा-रोखणारा व्हॉल्व्ह ज्या कार्डावर चालतो ते कार्ड अण्णांचं. त्याच्या चिपमध्ये त्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, आणि चिपला कुलूप. किल्ली कुठं ठेवली ते न सांगता माणूस गेला. आता तो प्रोग्रॅम वाचताही येत नव्हता आणि बदलताही येत नव्हता, आणि तीच कार्डं वैरागपासून अक्कलकोटपर्यंत कितीतरी घरांत रात्रंदिवस चालू होती.

मशीनचा दुसरा भाग म्हणजे मुख्य बोर्ड. घरचा तोच जळला होता आणि तसला बोर्ड बाजारात मिळायचा बंद झालेला. नवा मिळत होता, पण त्यावरचं कर्नेल नवं, आणि नव्या कर्नेलला अण्णांच्या कार्डाशी बोलता येत नव्हतं. दोघांच्या मध्ये ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. अक्कलकोटचं गिऱ्हाईक कन्नडमध्ये भांडायला लागलं की अण्णा आपल्या तेलुगू कारागिराला ते मराठीत समजावून सांगायचे, तसलंच काम. जुना ड्रायव्हर अण्णांनीच लिहिलेला, तो तेवढा वाचता येत होता. तो नव्या कर्नेलसाठी बदलायचं काम सिद्धेश्वरीकडे होतं, आणि गुरुलिंग सरांची अट एकच होती: दुभाष्या नवा चालेल, पण त्या कार्डाला कळता कामा नये की समोरचं माणूस बदललंय.

अण्णांच्या कार्डाची आणखी एक गंमत होती. ते बोलायचं. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना स्क्रीनवरचं वाचता येत नाही, म्हणून त्यांनी स्वतःच्या आवाजात चार शब्द भरून ठेवले होते. मशीन चालू झालं की "आलो." भांड्यातलं पाणी कमी झालं की "पाणी बदला." नळी दुमडली की "नळी बघा." आणि बंद होताना "येतो." ऐकलं हे सांगायला उशाशी वायरला लटकलेलं एक हिरवं बटन असायचं. अण्णा गेल्यावर सरांच्या मनात आलं, की आता एखाद्या बाईचा गोड आवाज घालावा. घरी हे मशीन असलेल्या वैरागच्या धनाजीनं फोनवरच मोडता घातला. "साहेब, आमची मायाक्का म्हणती, त्या बाईचं ऐकून मी नळी लावणार न्हाय. अण्णा सांगत्यात तर लावती." तेव्हापासून गेलेल्या माणसाचा आवाज सगळ्या घरांतून तसाच राहिला. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. फक्त अक्कम्मा तो "आलो" ऐकला की भिंतीकडे तोंड करायची.

त्याला कारण होतं. अण्णा गेले त्या दिवशी सकाळी दोघांचं वाजलं होतं. कशावरून, तर कडबोळ्यांच्या डब्याचं झाकण हरवलं त्यावरून. दुकानाला निघताना दारात चप्पल घालून ते नेहमीसारखं "येतो" म्हणाले. बायकोनं "या" म्हणायचं, मग त्यांनी उंबरा ओलांडायचा, अशी त्या घराची जन्मभराची रीत. ते थांबले. पुन्हा म्हणाले, "येतो गं." आणि अक्कम्मा चुलीपाशी पाठ करून म्हणाली, "जा एकदाचे." संध्याकाळी दुकानाचं शटर ओढता ओढता ते खाली बसले ते बसलेच. ही गोष्ट तिनं लेकीला एकदाच सांगितली होती, आणि सांगताना तिचे ओठ पांढरे पडले होते.

जुना ड्रायव्हर उघडल्यावर सिद्धेश्वरीला आधी हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणी. सगळं जग जिथं स्टॉप, किल, अबॉर्ट लिहितं, तिथं अण्णांनी आपल्या बोलीतले शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवले होते. अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही, ही त्यांची सवय कोडमध्येही सुटली नव्हती. कार्डानं "येतो" म्हटलं की ड्रायव्हरनं थोडं थांबायचं आणि "या" असं उत्तर पाठवायचं, मगच कार्ड बंद होणार. शेजारी त्यांनी लिहिलं होतं: येतो तीनदा म्हणेल, या नाही आलं तर तसाच निघेल. कर्नेलच्या कोडमध्ये हे असलं आदरातिथ्य! सिद्धेश्वरी पुण्याला शिकलेली, स्वच्छ कोडचा तिला अभिमान. तिनं तो भाग बापाच्या भाबडेपणाखाती जमा केला आणि पुसून टाकला. तीनदा विचारून निघतंच आहे म्हटल्यावर उत्तर पाठवायचंच कशाला?

दुसरा बदल तिनं आईसाठी केला. नव्या बोर्डाला बोटाची क्लिप जोडता येत होती, रक्तातला ऑक्सिजन मोजणारी. तो उतरला की ड्रायव्हरनं आपण होऊन हवेचा जोर वाढवावा, असं तिनं ठरवलं. जुन्या मशीनला हे जमत नव्हतं, तिथं जोर हातानं चावी फिरवून ठरवायचा. कार्डाला कळणाऱ्या हुकमांत एक होता "कमी", आणि त्याच्याच खाली होता "वाढव". अण्णांनी तो एकाच जागी वापरला होता, मशीन बंद करताना अगदी शेवटी: कमी, कमी, कमी आणि मग वाढव. नळीतला ओलावा उडवायला शेवटची फुंकर मारत असतील, असं तिनं ताडलं. कमी आणि वाढव. पहिलीतलं पोरही अर्थ सांगेल. तिनं तो हुकूम जोडून टाकला.

कारखान्यात शिवकुमारनं सगळं तपासलं. तो तिचा सहकारी, कामाला चोख. क्लिप त्यानं स्वतःच्या बोटाला लावली. पण शिवकुमार रोज सकाळी पार्क मैदानाला फेऱ्या मारणारा गडी, त्याचा ऑक्सिजन कशाला उतरतोय? ती वाट तपासलीच गेली नाही. एरवी सिद्धेश्वरीनं ती तपासल्याशिवाय सोडली नसती. पण सिलिंडर संपत आला होता.

नवा बोर्ड बसवला. पंखा फिरला, खालचा पंप धापा टाकायला लागला आणि अण्णा म्हणाले, "आलो." अक्कम्मानं नळी लावून घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं. लेकीनं तिच्या बोटाला क्लिप अडकवली, हिरवं बटन हाताशी ठेवलं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाहेरच्या खोलीत गुरुलिंग सरांशी फोनवर बोलत होती. सर खुशीत होते. तोच ड्रायव्हर पुढच्या आठवड्यात सगळ्या गावांना पाठवू म्हणत होते. खाली रस्ता रिकामा. समोरच्या इमारतीच्या सगळ्या खिडक्या बंद. कुठं कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

"येतो."

जिन्यात कुणी बोललं असेल, असं तिला वाटलं.

"येतो."

आता तिनं फोन कानापासून दूर केला. आवाज आतून आला होता. मशीन बंद करायची ही वेळ नव्हे. बंद करायला कुणी सांगितलंही नव्हतं.

"येतो."

तिनं लॅपटॉप पुढं ओढला. बोर्ड काय बोलतोय नि कार्ड काय बोलतंय, त्याच्या ओळी स्क्रीनवर धावत होत्या. आईचा ऑक्सिजन उतरला होता, झोपेत मान वाकडी झाली असेल. ड्रायव्हरनं इमानेइतबारे हुकूम पाठवला होता: वाढव. कार्डाचं उत्तर: येतो. पुन्हा वाढव. पुन्हा येतो.

जोर वाढव म्हटल्यावर निघायची भाषा कशाला? ती स्क्रीनकडे बघत राहिली, आणि एकाएकी तिच्या नाकात नवी पेठेतल्या त्या दुकानाचा वास आला. डाख लावल्याचा, धुळीचा आणि उदबत्तीचा. ती फ्रॉक घालून काउंटरखाली गृहपाठ करत बसलेली, बाहेर कापडवाल्यांचे दिवे लागलेले, आणि अण्णा रोजच्यासारखे म्हणताहेत, "सिद्धे, वह्या आवर. दुकान वाढवू."

दुकान बंद करायचं नसतं, वाढवायचं असतं. दिवा विझवायचा नसतो, वाढवायचा असतो. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. जन्मभर ऐकलेला शब्द, आणि तिनं तो पुण्याच्या पुस्तकातून वाचला होता. ऑक्सिजन कमी पडला की श्वास बंद कर, असा हुकूम तिनं स्वतःच्या हातानं आईच्या मशीनमध्ये घातला होता.

आणि तीनदा म्हणून झालं होतं. तीनदा म्हणेल, मग तसाच निघेल.

"येतो," अण्णा म्हणाले.

ती आत धावली. हवा चालू होती. नळीतून सूं असा आवाज येत होता, व्हॉल्व्ह उघडा होता. अक्कम्मा उशीवरून अर्धी उठून बसली होती. ओठ निळसर, डोळे टक्क उघडे, पण मशीनकडे नाहीत, दाराकडे. चेहऱ्यावर भीती नव्हती. लग्नातल्या फोटोत असतो तसा चेहरा. हातात हिरवं बटन होतं आणि अंगठा त्याच्यावर टेकलेला.

ते बटन थेट कार्डाला जातं. ड्रायव्हर पुसलेलं उत्तर देणार नाही, पण बटन देईल, आणि मग हवा बंद.

"अव्वा, दाबू नको!"

"अगं, दारात उभे हायत की." अक्कम्माचा आवाज हलका, पोरीसारखा झाला होता. "कवाधरनं येतो येतो म्हनत्यात. उत्तर द्यायला नको?"

"नको देऊ. अव्वा, तुझ्या पाया पडते, या म्हणू नको."

"येतो," मशीन म्हणालं. या वेळी जरा हळू. निदान सिद्धेश्वरीला तसं वाटलं, रेकॉर्ड केलेला शब्द हळू होत नसतो हे कळत असूनही.

तिनं आईच्या मुठीतून बटन ओढलं. म्हातारीच्या हातात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे, पण शेवटी ते निसटलं. सिलिंडरमध्ये उरलासुरला ऑक्सिजन होता. तिनं त्याचा मास्क आईच्या तोंडावर दाबला आणि क्लिपवरचा आकडा वर चढेपर्यंत हात काढला नाही. आकडा चढला तसं मशीनमधलं "येतो" थांबलं. हवा मात्र येतच राहिली.

अक्कम्माचे ओठ हळूहळू लाल झाले. काय झालं ते तिला उमगलं. मास्कच्या आतून ती रडायला लागली, आवाज न करता, आणि लेकीच्या मनगटाला धरून म्हणाली, "दुसऱ्यांदा गं सिद्धे. दुसऱ्यांदा मी या म्हनले न्हाय."

आपण आईचा जीव वाचवला की आधी घेतला आणि मग वाचवला, हेच सिद्धेश्वरीला कळत नव्हतं. तिनं गुरुलिंग सरांना फोन करून एवढंच सांगितलं, की ड्रायव्हर कुठंही पाठवू नका. मग शिवकुमारला दोन कामं सांगितली: भरलेला सिलिंडर घेऊन ये, आणि निघायच्या आधी कारखान्यातल्या कार्डाला "वाढव" पाठवून, उत्तर न देता, काय होतं ते बघ.

शिवकुमार उन्हं उतरताना आला. सिलिंडर जोडून झाल्यावर तिला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, शेल्फावरची सगळी कार्डं लावून बघितली. मध्ये पुन्हापुन्हा वाढव पाठवलं तरी तीनदाच येतो म्हणतात आणि तिसऱ्यानंतर व्हॉल्व्ह बंद. एकसुद्धा चौथ्यांदा म्हणत नाही."

"घरचं म्हणालं."

"मग ह्याचा प्रोग्रॅम वेगळा असेल."

"चिपवर नंबर तोच आहे. सगळी एकाच दिवशी भरलेली."

शिवकुमार घाम पुसत मशीनकडे बघत राहिला. पाणी घेतोस का विचारलं तर नको म्हणाला आणि लगेच निघाला. दारात "येतो मॅडम" म्हणाला आणि जीभ चावली.

अक्कम्मानं सगळं ऐकलं होतं. मास्क जरा वर करून ती म्हणाली, "त्यात काय एवढं? तवा मी जा म्हनले, गेले. आज कुनी जा म्हनलंच न्हाय."

ती असं काही बोलली की सिद्धेश्वरी एरवी वाद घालायची. आज तिनं निमूटपणे लॅपटॉप मांडीवर घेतला आणि पुसलेला भाग जसाच्या तसा परत घातला. येतो आलं की थांबणं, मग या म्हणणं. क्लिपचा हुकूम काढून टाकला. त्या कार्डाला हवा वाढवता येतच नव्हती. ते काम अण्णांनी माणसाच्या हाताला ठेवलं होतं. "वाढव"च्या शेजारी तिनं स्वच्छ मराठीत लिहिलं, की हा दुकान वाढवतात त्यातला वाढव आहे, पुढच्या माणसानं सावध राहावं.

दुरुस्त ड्रायव्हर भरायला मशीन एकदा बंद करावं लागणार होतं, तेही रीतसर. प्लग ओढून बंद केलं की व्हॉल्व्ह अडकतो, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. अक्कम्मा भरलेल्या सिलिंडरवर होती, क्लिपवरचा आकडा चांगला होता. सिद्धेश्वरीनं पलंगाशी स्टूल ओढलं. या वेळी एकेक पाऊल बघत जायचं, "या" सुद्धा आपण हातानं पाठवायचं, असं ठरवून तिनं तो हुकूम लिहून ठेवला. मग "वाढव" पाठवलं.

बाहेर संध्याकाळ झाली होती. खाली पोरांचं क्रिकेट सुरू झालं होतं, कुणाच्यातरी कुकरची शिट्टी झाली.

"येतो," अण्णा म्हणाले.

सिद्धेश्वरीनं बोट एंटरवर नेलं. दाबलं की बंद. दुपारी जे चुकवलं तेच आता आपल्या हातानं करायचं, हे कळत असूनही बोट खाली जाईना. अक्कम्मानं मास्क गळ्यापर्यंत खाली ओढला. या वेळी तिनं भिंतीकडे तोंड केलं नाही. मशीनकडेही पाहिलं नाही. उंबऱ्यावर माणूस उभा असतो त्या उंचीवर, दाराकडे बघत ती म्हणाली,

"या."

खट् करून व्हॉल्व्ह बंद झाला. पंप शांत झाला. पंखा फिरायचा थांबला.

सिद्धेश्वरीनं आपल्या बोटाकडे पाहिलं. ते एंटरच्या वरच होतं. मशीनमधून उपटलेलं हिरवं बटन तिच्या स्वतःच्या ओढणीच्या गाठीत होतं, दुपारपासून. स्क्रीनवर एकच ओळ: येतो. त्याखाली काही नाही. कार्डावर ऐकायला माइक नव्हता. तिनं ते कितीदा उलटंपालटं करून पाहिलं होतं.

तिनं दुरुस्त ड्रायव्हर भरला आणि मशीनचं बटन दाबलं. नवं कर्नेल सावकाश जागं होऊ लागलं, आणि त्या तेवढ्या वेळात मायलेकी दोघी श्वास धरून बसल्या.

"आलो."

अक्कम्मानं डोक्यावरचा पदर सारखा केला, पाय पोटाशी घेतले आणि पलंगावर शेजारी थोडी जागा केली. मग तिनं नळी नाकाला लावली.